बाजेचे चार कोपरे: घरात मोठं आजारपण असताना विश्वासाने तग कसा धरावा

मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमचा पक्षाघाती माणूस स्वतःच्या पायांनी येशूकडे गेलेला नाही. चौघांनी त्याला बाजेवर घालून आणलं, दारात गर्दी म्हणून छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. पाचव्या वचनात येशूला दिसतो तो या आणणाऱ्यांचा विश्वास. घरात कॅन्सर निघाला, कुणाला पक्षाघाताचा झटका आला, डायलिसिस सुरू झालं, की 'माझा विश्वास कमी पडतोय' हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि ते बहुधा सर्वांत जास्त राबणाऱ्या माणसाच्या तोंडी असतं. अशा माणसाला आणखी विश्वास ठेव म्हणून सांगणं म्हणजे बाजेवरच्याला चालायला लावणं. त्याला चार माणसं हवी असतात. ती कशी उभी करायची, त्यांना काय काम द्यायचं आणि आपली प्रार्थना कितपत ठेवायची, याची ही माहिती आहे. नाशिक शहर आणि आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, पण बरीचशी कुठेही लागू पडेल.

आधी भाकर, मग स्तोत्र

1 राजे, अध्याय 19. 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणत संदेष्टा एलीया झुडपाखाली आडवा होतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, त्याला झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर.

म्हणून निदान कळल्यावरच्या पहिल्या आठवड्यात आध्यात्मिक कार्यक्रम आखू नका. दवाखान्यात रात्री कोण थांबणार याची पाळी लावा. एकाच माणसाने सलग दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं नाही, आणि रात्र काढून आलेल्याला दिवसा किमान पाच तास कुणी उठवायचं नाही. कॅन्टीनचा चहा आणि खारी यांवर तीन दिवस काढले की चौथ्या दिवशी पित्त, डोकेदुखी आणि चिडचिड येते. घरात पहिलं भांडण त्याच दिवशी होतं आणि मग 'देव आपल्याला सोडून गेला' असं वाटू लागतं. पुष्कळदा तो फक्त उपाशीपणा असतो.

चौघं निवडताना

नवरा, बायको, मुलगा, सून ही जी माणसं आजाऱ्याच्या अगदी जवळ आहेत त्यांना या चौघांत धरू नका. त्यांच्यावर आधीच भार आहे. चुलत्यामामांतलं, शेजारचं, मंडळीतलं, कामाच्या ठिकाणचं माणूस घ्या. सगळे ख्रिस्तीच असावेत असंही नाही.

पहिल्याचं काम बसण्याचं. आठवड्यातून ठरलेले दोन दिवस, ठरलेले तीन तास. त्या वेळात घरच्यांनी घरी जाऊन आंघोळ करायची, झोपायचं, उपासनेला जायचं. 'वेळ मिळेल तसा येईन' म्हणणारं माणूस या कामाला चालत नाही, कारण त्याची वाट बघण्यातच घरच्यांचा दिवस जातो.

दुसऱ्याकडे कागद. एक प्लास्टिकची फाइल: रिपोर्ट तारखेप्रमाणे, औषधांची चालू यादी सर्वांत वर, आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती मागे. दाखल झाल्या दिवशीच त्याने दवाखान्यातल्या आरोग्यमित्राचा, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाचा, टेबल गाठावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण दवाखाना योजनेच्या यादीत हवा, उपचार यादीत हवा आणि मंजुरी वेळेत मागायला हवी. बिल भरून झाल्यावर धावपळ केली तर हाती काही लागत नाही. धर्मादाय न्यासाच्या दवाखान्यांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. हे सगळं विश्वासाच्या लेखात कशाला, असं वाटेल. पैशाच्या घोरामुळे रात्री प्रार्थना होत नाही, म्हणून.

तिसरं माणूस निरोपाचं. रोज संध्याकाळी सातला एकच संदेश: आज काय झालं, उद्या काय आहे, भेटायला यावं की नको. बाकी सगळ्यांनी याच माणसाला फोन करायचा. आजाऱ्याच्या बायकोला एका दिवसात वीस वेळा 'आता कसंय?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणं हे मोठं ओझं आहे, आणि ते विचारणाऱ्यांच्या कधी लक्षातच येत नाही.

चौथं माणूस प्रार्थनेचं, आणि याची निवड सर्वांत जपून करा. छान, लांब प्रार्थना करता येणं ही पात्रता नव्हे. तोंड बंद ठेवता येणं ही पात्रता. आपल्याकडे प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली घरातल्या गोष्टी बायकांच्या सभेतून तरुण संघापर्यंत आणि तिथून पार देवळालीपर्यंत जातात, हे कबूल केलेलं बरं. या माणसाला तुम्ही खरं सांगू शकाल: 'आज माझ्याकडून प्रार्थना झाली नाही, तू कर.' आणि त्याने विचारायचं नाही की का झाली नाही. रफीदीमच्या लढाईत अहरोन आणि हूर यांनी मोशेचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले, त्याला हात वर ठेवण्याचं महत्त्व समजावत बसले नाहीत.

मदत मागताना गोलमोल बोलू नका. 'काही लागलं तर सांगू' असं तुम्ही म्हटलंत की दोन्ही बाजू सुटतात आणि काहीच होत नाही. असं म्हणा: 'मावशी, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारचा डबा द्याल का? दोन माणसांचा, साडेबाराला, गेटवर माझा भाऊ घ्यायला येईल.' आजाऱ्याचा डबा वेगळा सांगायचा. किडनीच्या रुग्णाला नारळपाणी आणि फळांचा रस प्रेमाने पाजला जातो, पण त्यातल्या पोटॅशियममुळे त्याच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. द्राक्षांची पेटी ही तर नाशिककरांची भेट ठरलेली. मधुमेही आणि केमो चालू असलेल्या माणसाच्या उशाशी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका.

पाळकांना किंवा फादरना कधी आणि काय कळवायचं

लवकर. 'उगाच त्यांना त्रास कशाला' म्हणून थांबण्यात महिना जातो, आणि मग मंडळीतून कुणी भेटायला आलं नाही म्हणून राग धरला जातो. पाळकांना स्वप्न पडत नाही. दवाखाने मुंबई नाका, त्र्यंबक रोड, गंगापूर रोड, नाशिकरोड असे विखुरलेले, आणि एकट्या पाळकाकडे बरीच घरं. निरोप असा पाठवा:

'सलाम पाळकसाहेब. आमच्या आईला काल दाखल केलं. दवाखान्याचं नाव, तिसरा मजला, खाट क्रमांक अमुक. भेटीची वेळ दुपारी 4 ते 5. शुद्धीवर आहे, बोलते, पण थकते. आजाराचं नाव तिला अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. बुधवारी संध्याकाळी येऊ शकाल का?'

यातलं 'तिला अजून सांगितलेलं नाही' हे वाक्य विसरलं तर खोलीत मोठ्याने झालेल्या प्रार्थनेतून आजाऱ्याला आपलं निदान कळतं. हे खूपदा होतं. अर्थात निदान लपवून ठेवणं आम्हाला पटत नाही. विचारणाऱ्या आजाऱ्याला खरं सांगावं, डॉक्टर आणि घरचे बसून सांगावं. पण ते प्रार्थनेच्या आडून कळू नये.

रविवारी सकाळी फोन करू नका. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते तेव्हा तिथल्या फादरना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि रस्तेही तुंबलेले असतात. त्या दिवसांत ऑपरेशन ठरलं असेल तर आठवडाभर आधी बोलून ठेवा.

तुमची स्वतःची प्रार्थना: लहान, ठरलेल्या वेळी

पहाटे उठून तासभर बसण्याची जुनी सवय असेल तर ती या काळात मोडेल. मोडू द्या. त्याऐवजी जे रोज होतंच त्याला प्रार्थना जोडा: सकाळच्या गोळ्या काढून देताना, लिफ्टची वाट बघताना, रात्री खोलीतला दिवा मालवताना. तीन वेळा, प्रत्येकी एक मिनिट. वाचन दिवसाला एक स्तोत्र. 121 आठ वचनांचं आहे, 23 सहाच, तेवढं पुरतं. मोठ्या टायपाचं छापील शास्त्र (बायबल) जवळ असलेलं बरं, कारण मोबाइलवर बायबल उघडलं की वर येणारे निरोप आधी वाचले जातात.

एमआरआयबाहेरच्या बाकावर शब्दच सुचत नाहीत तेव्हा श्वासावर बांधलेली प्रार्थना उपयोगी पडते. श्वास घेताना मनात 'प्रभू येशू', सोडताना 'दया कर'. दहा श्वास. श्वास सोडण्याला जरा जास्त वेळ दिला तर धडधडही कमी होते. रोमकरांस पत्रात, आठव्या अध्यायाच्या 26व्या वचनात पौल म्हणतो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी विनंती करतो. बाकावर बसून याहून जास्त करायची गरज नसते.

राग आला असेल तर तो 13व्या स्तोत्राच्या साच्यात घाला. हे स्तोत्रही सहाच वचनांचं आहे. कागदावर तीन भाग पाडा. पहिल्यात तक्रार: दावीद पहिल्या दोन वचनांत 'किती काळ' हे चारदा विचारतो, तुम्हीही चार ओळी 'किती काळ' ने सुरू करा. किती काळ हिच्या हाताच्या शिरा शोधायच्या? किती काळ कर्ज काढायचं? दुसऱ्या भागात मागणी, एकच आणि आजची: आज रात्री तिला उलटी होऊ नये. तिसऱ्या भागात भरवशाची एक ओळ, जेवढी खरोखर म्हणवेल तेवढीच. क्रम उलटा करू नका. तक्रार गिळून थेट 'तरी मी तुझी स्तुती करीन' वर उडी मारली की ती ओळ पोकळ वाटते आणि तक्रार मनात कुजत राहते. तिसरा भाग आज लिहवतच नसेल तर मोकळा सोडा. 88वं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरीही ते शास्त्रात आहे.

गाणं येत असेल तर गा. सत्तरीपुढच्या आजाऱ्यांना ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं आणि अभंगाच्या चालीवरची गीतं लहानपणापासून पाठ असतात. विस्मरण झालेलं माणूस बोलता बोलता अडखळतं, पण ओळखीच्या चालीत पुढचा शब्द बरोबर लावतं. दुपारी, हळू आवाजात, दोन कडवी.

खाटेपाशी प्रार्थना करताना

आधी हात धुवा. साबणाने वीस सेकंद हा नियम. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सावकाश म्हणत धुतले तर तेवढा वेळ सहज भरतो. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत घरप्रार्थना घरात ठेवू नका, पंधरा माणसं बैठकीत दाटीने बसवू नका, सर्दी असलेल्याने दारातूनच सलाम करून जावं. याच दिवसांत 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. प्रार्थना रिक्षात करता येते.

खुर्ची ओढून आजाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. खाटेभोवती उभं राहून पाच माणसांनी वाकून बघितलं की त्याला आपण तिरडीवर आहोत असं वाटतं. मग विचारा: 'प्रार्थना करू का?' आणि 'नको' हे उत्तर मनापासून स्वीकारा. आज नको म्हणजे आज नको. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न: 'कशासाठी करू?' आपण कॅन्सर बरा व्हावा म्हणून तयारी करून आलेलो असतो आणि त्याला हवं असतं की आज पोट साफ व्हावं, किंवा लेकीचा फोन यावा. तेच मागा. एका मिनिटात आटपा. सगळी भेट पंधरा मिनिटांची. जनरल वॉर्डात शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचं, तितकंच दुखणाईत माणूस आहे हे लक्षात ठेवून आवाज ठेवायचा. तिथे पत्रकं वाटायची नाहीत. त्याच्या नातेवाइकाने 'आमच्यासाठीपण करा' म्हटलं तर करावी, आणि असं पुष्कळदा होतं.

आयसीयूत बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवरच्या माणसाला ऐकू येत असू शकतं असं धरूनच वागा. कानाशी नाव घ्या, आपण कोण ते सांगा, आज कोणता वार आहे ते सांगा, एक ओळखीचं वचन सावकाश म्हणा. त्याच्या प्रकृतीची चर्चा खाटेपाशी करू नका. म्हाताऱ्या माणसांना आयसीयूत भ्रम होतो, भिंतीवर माणसं दिसतात. त्याला सैतानाचा हल्ला ठरवू नका. चष्मा आणि कानातलं यंत्र लावून द्या, दिवसा उजेड, रात्री अंधार ठेवायला सांगा, नर्सला कळवा.

ऑक्सिजन लावलेल्या खोलीत मेणबत्ती पेटवायची नाही, धर्मविधीसाठीसुद्धा नाही. तेलाने माखलेल्या हातांनी सिलिंडरच्या रेग्युलेटरला किंवा नळीच्या जोडाला हात लावायचा नाही; दाबाखालच्या ऑक्सिजनबरोबर तेल-ग्रीस पेट घेऊ शकतं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना लावायचं अभ्यंगाचं तेल कपाळावर एक थेंब, मग कापसाने बोटं पुसून घ्यायची. नाकाजवळ आणि मास्कखाली तेल नको, ऑपरेशनच्या टाक्यांवर आणि सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) आसपास तर मुळीच नको.

काही वाक्यं खोलीबाहेर ठेवून या. 'देव सोसवेल तेवढंच देतो': पहिलं करिंथ, दहावा अध्याय, तेरावं वचन मोहाविषयी आहे, ट्यूमरविषयी नाही. 'कुठलं पाप राहिलं असेल बघा': जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी नेमकं हेच विचारलं आणि येशूने ते खोडून काढलं, योहान 9:3. 'आमच्या ओळखीत एकाला हेच झालं होतं, गेला बिचारा': हे म्हणणारेही असतात! ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले, तेवढेच ते बरे मित्र होते.

संस्कार आणि प्रभुभोजन

कॅथलिक घरांत अजून एक भीती आहे: फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972च्या नव्या विधीपासून आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा शेवटच्या घटकेपुरता राखलेला संस्कार नाही. गंभीर आजार सुरू होताना, मोठ्या ऑपरेशनआधी, वार्धक्याने फार थकवा आला असताना तो घेता येतो, आणि प्रकृती आणखी बिघडली तर पुन्हाही. कपाळ आणि हात यांना तेल लावलं जातं. माणूस शुद्धीवर असताना बोलवा, म्हणजे त्याला स्वतः 'आमेन' म्हणता येईल. तयारी फार नसते: लहान टेबल, स्वच्छ पांढरा कपडा, क्रूस, कापूस, पेलाभर पाणी. कन्फेशन (फादरजवळ पापांची कबुली) करायचं असेल तर घरच्यांनी न सांगता बाहेर जावं. कम्युनियनआधी (पवित्र भाकर घेण्याआधी) एक तास काही न खाण्याचा नियम आजारी, वृद्ध आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना बंधनकारक नाही.

सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याकोब 5:14 प्रमाणे वडील मंडळींना बोलावून तेल लावून प्रार्थना होते, आणि पाळक घरी किंवा दवाखान्यात प्रभुभोजन (पवित्र भाकर आणि द्राक्षारस) देतात. दोन गोष्टी आधी सांगायच्या. एक, ऑपरेशनआधी 'रात्री बारानंतर तोंडाने काही नाही' असं बजावलेलं असतं, त्यामुळे प्रभुभोजन आदल्या संध्याकाळी घ्या, सकाळी नाही. भाकरीचा तुकडा पोटात गेला म्हणून भूलतज्ज्ञाने ऑपरेशन पुढे ढकललं तर कुणालाच ते आवडणार नाही. दोन, पक्षाघातानंतर गिळता येत नसेल किंवा नाकातून नळी असेल तर कोरडा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. नर्सला विचारा, पाळकांना सांगा. अगदी लहान कण, किंवा काहीच तोंडात न घालता नुसती प्रार्थना. त्याने कृपा कमी होत नाही.

औषध की प्रार्थना, हा प्रश्नच चुकीचा

लूक वैद्य होता. यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराची पोटीस बांधायला सांगितली. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं, आणि त्रफिम या सोबत्याला मिलेतात आजारी सोडून तो पुढे गेला. त्याच्या प्रार्थनेने तोही बरा झालेला दिसत नाही. स्वतःच्या ज्या त्रासाला तो 'शरीरातला काटा' म्हणतो, त्यासाठी पौलाने तीनदा विनंती केली आणि काटा राहिला.

तेव्हा चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या सभेला, जायचं असेल तर जा, पण चार गोष्टी ऐकू आल्या की तिथून निघा: गोळ्या बंद करा, रिपोर्ट फाडा, विश्वास असता तर बरं वाटलं असतं, आणि बियाणं पेरा, म्हणजे पैसे द्या. इन्सुलिन, फिटांच्या गोळ्या, स्टेरॉइड ही मध्येच थांबवली तर काही दिवसांत, कधी काही तासांत जीव धोक्यात येतो, आणि क्षयाची औषधं मध्येच सोडली तर आजार उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. बरं वाटतंय असं वाटलं तर साक्ष देण्याआधी तपासणी करून घ्या. येशूनेही बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला याजकाला जाऊन दाखवायला सांगितलं होतं.

उपास आजाऱ्याने करायचा नाही. सेवा करणाऱ्याला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यानेही नाही. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोकं हलकं झालं तर साखर उतरली असं समजा: तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. उपासच करायचा तर रात्री दहानंतरच्या मोबाइलचा करा. इंटरनेटवर आजाराचं नाव टाकून दोन वाजेपर्यंत वाचत बसण्याने जितकी माणसं खचतात तितकी डॉक्टरांच्या बोलण्याने खचत नाहीत.

नवस आपल्यातही बोलले जातात, ते नाकारण्यात अर्थ नाही. बरं झाल्यावर आभार मानायला जाणं वेगळं आणि देवाशी सौदा करणं वेगळं. निदान आजाऱ्याच्या नावावर नवस बोलू नका. चालता न येणाऱ्या माणसाला आपण फेडू शकणार नाही याची टोचणी लागते.

शेजारची काकू त्र्यंबकेश्वरचा किंवा वणीच्या देवीचा अंगारा घेऊन येईल. तिच्याशी वाद घालायचं काही कारण नाही. बाळ येशूच्या यात्रेत तीच काकू आपल्याबरोबर रांगेत असते. 'काकू, तुम्ही आठवण ठेवलीत हेच खूप' म्हणावं, चहा द्यावा, आणि काय लावायचं काय नाही ते आजाऱ्याने ठरवावं.

मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जावं लागलं तर निघण्याआधी आपल्या पाळकांकडून परळ-दादर भागातल्या एखाद्या मंडळीचं नाव आणि ओळख घेऊन ठेवा. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत हे पहिल्या एकदोन खेपांना ठीक असतं; उपचार सुरू झाले की तिथे राहावंच लागतं, आणि परक्या गावात रविवार फार मोठा वाटतो.

मुलांना, आणि स्वतःलाही खरं सांगणं

मुलांना आजाराचं नाव सांगा. तो त्यांच्यामुळे झाला नाही आणि मिठी मारल्याने लागत नाही हेही सांगा. आजी बरी व्हावी म्हणून त्यांना प्रार्थना करू द्या, पण 'तू मन लावून केलीस तर ती बरी होईल' असं कधीच म्हणू नका. ती गेली तर ते ओझं मूल जन्मभर वाहील.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहिलं, वेळ मिळूनही झोप लागेना, जेवण जाईना, कशातच अर्थ वाटेना, तर डॉक्टरांना सांगा. जगूच नये असं मनात येऊ लागलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. हा विश्वासाचा पराभव नव्हे. मरण मागणारा एलीया मोठाच संदेष्टा होता.

डॉक्टरांनी 'आता त्रास कमी ठेवू, एवढंच' असं सांगितल्यावर प्रार्थना थांबत नाही, तिची मागणी बदलते. वेदना ताब्यात राहाव्यात, ज्याच्याशी बोलणं तुटलंय तो भाऊ येऊन जावा, भीती कमी व्हावी. मॉर्फिनला घाबरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन म्हणजे हार नव्हे, आणि दुखण्याने कळवळणाऱ्याला प्रार्थना सुचत नाही. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, येशूने 'हा प्याला टळो' आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही दोन्ही वाक्यं एकाच रात्री म्हटली. बरं होण्याची आशा धरणाऱ्यांनी आणि निरोपाची तयारी करणाऱ्यांनी एकमेकांना अविश्वासू म्हणू नये, एका घरात दोन्ही राहू शकतात. याच दिवसांत, आजाऱ्याचं डोकं शाबूत असताना, मृत्युपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, दफन कुठे आणि कोणतं गीत हे विचारून घ्या. विचारायला जड जातं, पण बहुतेक आजारी माणसं कुणी विचारण्याची वाटच बघत असतात.

सहाव्या आठवड्यात

पहिल्या पंधरवड्यात डबे जास्त होतात. सहाव्या आठवड्यात कुणी येत नाही. लोक वाईट नसतात, विसरतात. आणि लांबलेल्या आजारात नवं सांगण्यासारखं काही नसल्याने निरोपाचं माणूसही थकून गप्प होतं. म्हणून चौघांची पाळी सुरुवातीलाच दीड महिन्याची धरा आणि त्यानंतर नवे चौघे नेमा. जुन्यांना मोकळं करताना आभाराचे दोन शब्द बोला, म्हणजे ते अवघडून लांब जाणार नाहीत. नवा निरोप असा असू शकतो:

'सर्वांना सलाम. बाबांचं डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी 8 ते 12. हे पुढेही चालू राहणार आहे. एप्रिल ते मे मध्यापर्यंत बुधवारी सोबत बसायला एक माणूस आणि शुक्रवारी एक डबा हवा आहे, मीठ कमी. नारळपाणी, फळांचे रस कृपया आणू नका. घरी भेटायला रविवारी संध्याकाळी 5 ते 6 या. प्रार्थनेचा विषय: हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी केलेला शिरेचा जोड) नीट चालावा आणि आईला झोप लागावी.'

हा निरोप उपासनेतल्या सूचनांत वाचून दाखवायला पाळकांना शनिवारपर्यंत द्या, आणि फोन क्रमांक निरोपाच्या माणसाचा घाला, आईचा नको.